मानस आणि विहीर

पेडणे तालुक्याच्या उत्तरेकडून तेरेखोल आणि दक्षिणेकडून शापोरा अशा दोन नद्या समुद्रास मिळतात. त्यांच्या मुखांतून भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा बरेच आतपर्यंत चढते व दोनदा उतरते. काठची जमीन सखल आहे आणि भरतीची पातळी तिच्याहून उंच आहे. निसर्गाच्या हवाली राहिली असती तर ही जमीन चिखल आणि खारफुटी यांचीच राहिली असती. परंतु गोमंतकातील शेतकऱ्याने शेकडो वर्षांपूर्वी चिखल, गवत, लाकूड आणि जांभा दगड यांचे बांध घालून ती नदीकडून मागून घेतली. या जमिनीस खाजन म्हणतात. साऱ्या गोव्यात मिळून खाजनांचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर धरले जाते. पेडण्यातील कोरगाव, आगरवाडा या बाजूंस आणि डिचोली तालुक्यात मांडवीकाठच्या पिळगाव, नार्वे या गावांतही ती आहेत.

बांध घातला की दुसरा प्रश्न उभा राहतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. बाहेरचे पाणी अडविणारा बांध आतले पाणीही अडवून धरील आणि भात कुजून जाईल. या पेचावर जुन्या गावकऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे मानस. येथे मानस म्हणजे मन नव्हे. बांधातील लाकडी झडपांच्या दाराला हे नाव आहे. झडपा अशा बसविलेल्या असतात की भरती आली म्हणजे नदीच्या पाण्याच्या दाबानेच त्या मिटतात आणि ओहोटी लागली म्हणजे आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेरच्या बाजूस उघडतात. पावसाळ्यातील हे रोजचे काम करण्यास रात्री कोणी जागत बसावे लागत नाही. जे पाणी संकट आणते तेच दारही लावून घेते.

तथापि, मानस म्हणजे खाजन नव्हे. मानशीच्या आतल्या अंगाला पोंय नावाचा खोलगट भाग असतो. पावसाचे पाणी प्रथम तेथे उतरते आणि ओहोटीची वाट पाहत थांबते. बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटी लाटांचा मार सोसते. पावसाळ्याच्या तोंडाशी शेत कोरडे करतात. पहिल्या पावसाने मातीतील मीठ धुऊन निघाले की कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पेरतात. कापणी झाली की हेतुपुरस्सर खारे पाणी आत घेतात. त्याबरोबर मासे व कोळंबी येतात. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती धरतात. हा मासळीचा हक्क लिलावाने दिला जाई आणि बांधाची डागडुजी, पाण्याची सोडधर व शेतांची वाटणी ही सर्व कामे गावकारी या जुन्या ग्रामसंस्थेच्या देखरेखीखाली चालत. बांध, झडप, पोंय, खारफुटी, भात, मासा, लिलाव आणि गावकारी यांपैकी एकही दुवा काढून घेतला तर उरलेले जसेच्या तसे राहत नाहीत.

ढीग आणि प्रणाली यांत हाच भेद आहे. वाळूच्या ढिगातून पाटीभर वाळू उचलली तर ढीग लहान होतो, पण वाळूच राहते. खाजनातून मानस काढली तर उरते ती लहानसे खाजन नव्हे. ती दलदल असते. ज्या समूहाचे गुण त्याच्या घटकांत नसून घटकांच्या परस्परसंबंधांत असतात, त्या समूहास प्रणाली म्हणावे, हा विचार विसाव्या शतकात लुडविग फॉन बेर्टालान्फी या जीवशास्त्रज्ञाने शास्त्रीय परिभाषेत मांडला. पुढे जे फॉरेस्टर या अमेरिकन अभियंत्याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५६ पासून त्यास हिशेबाची जोड दिली. डोनेला मेडोज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ या ग्रंथात हीच रीत साऱ्या जगाची लोकसंख्या, उद्योग आणि नैसर्गिक साधनसंपत्ती यांना लावून पाहिली.

फॉरेस्टर यांच्यापुढे आलेला एक प्रश्न उद्‌बोधक आहे. केंटकी राज्यातील घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या लावूनही काम पुरे होत नसे, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. व्यवस्थापक बाजाराच्या चढउतारास दोष देत होते. फॉरेस्टर यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला आणि असे दाखविले की मागणी स्थिर राहिली तरीही हा हेलकावा येऊ शकतो. माल कमी दिसला की माणसे घ्यायची; ती कामाला लागून माल गोदामात येईपर्यंत आणखी माणसे घ्यायची; मग माल साचला की काढायची. दोष बाहेरच्या कोणाचा नव्हता. निर्णय आणि त्याचा परिणाम यांमधील विलंब कोणी हिशेबात धरला नव्हता.

साठा, ओघ, विलंब आणि उलट फिरून येणारा परिणाम, ज्याला शास्त्रीय मराठीत प्रत्याभरण म्हणतात, ही प्रणालीविचाराची चार मुख्य साधने होत. ती नीट समजण्यासाठी पेडण्याहून डिचोलीस यावे आणि तेथील एखाद्या विहिरीत डोकावून पाहावे.

विहिरीतील पाणी हा साठा आहे. पावसाळ्यात सच्छिद्र जांभ्यातून मुरणारे पाणी हा त्यात येणारा ओघ. रहाटाने वा पंपाने काढलेले आणि जमिनीखालून झऱ्याओढ्यांकडे झिरपणारे पाणी हा बाहेर जाणारा ओघ. दोन्ही ओघ वर्षाअखेर सारखे असतील तोवर विहीर वैशाखातही साथ देते. आता डिचोली परिसरातील जमिनीची रचना अशी आहे की वर जांभा आहे आणि खाली लोहखनिजाचे, पुष्कळदा भुसभुशीत असे थर आहेत. हेच थर पाणी धरून ठेवतात. म्हणजे व्यापारी ज्याला खनिज म्हणतो तेच गावाच्या दृष्टीने पाण्याचे कोठार असते. खाण उथळ असेपर्यंत दोघांचे जमते. ती भूजलाच्या पातळीखाली उतरली की खंदकात पाणी भरू लागते. काम चालू ठेवायचे तर ते सतत उपसून बाहेर टाकावे लागते आणि आजूबाजूच्या जमिनीतील पाणी उताराने त्या खंदकाकडे धाव घेते.

शिरगावातील विहिरी आटल्या आणि तो प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, त्यामागची यंत्रणा ही अशी आहे. यात विलंबाचा वाटा मोठा आहे. खाण दरवर्षी थोडी थोडी खोल जाते. आषाढ-श्रावणात विहीर काठोकाठ भरते आणि सारे ठीक आहे असा समज होतो. घट दिसते ती चैत्रात. प्रथम पंधरा दिवसांची, पुढल्या वर्षी महिन्याची. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये इतकी वर्षे जातात की कोणी पावसास, कोणी वाढत्या वस्तीस, कोणी शेजाऱ्याच्या पंपास दोष देतो. आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडेसे तथ्यही असते.

मग टँकर येतो. तहानलेल्यास पाणी देणे हे कर्तव्यच आहे. त्यास कोणी नावे ठेवू नयेत. परंतु टँकर संपूर्ण प्रणालीत काय करतो तेही पाहिले पाहिजे. पाणी दारात येऊ लागले की विहिरीची ओरड मंदावते. ओरड मंदावली की उपसा थांबविण्याची निकड उरत नाही. उपसा चालू राहतो, विहीर आणखी आटते आणि पुढल्या वर्षी टँकरच्या खेपा वाढतात. दरम्यान विहिरीतील गाळ काढणे, कठडा सांभाळणे ही सवय मोडते आणि पाणी मुरविणाऱ्या जागांकडे दुर्लक्ष होते. दुखण्याचे लक्षण दाबणारा उपाय दुखणे बळावू देतो आणि खऱ्या उपायाची ताकदही हळूहळू हिरावून घेतो. गाळाने भरलेल्या शेताची नुकसानभरपाई अशाच फेऱ्यात सापडू शकते: भरपाई मिळते, शेत पड राहते, पाटांची निगा थांबते, गाळ आणखी पसरतो आणि पुन्हा भरपाई मागावी लागते.

हा गाळ कोठून येतो? एक टन खनिज मिळविण्यासाठी गोव्यात साधारणपणे अडीच ते तीन टन माती-दगड उपसावे लागतात. या मातीचे डोंगर खाणीशेजारी उभे राहतात. मुसळधार पावसात त्यांतील माती ओहोळांत, ओहोळांतून डिचोली नदीत आणि तेथून मांडवीत उतरते. पात्र उथळ झाले की त्याच पावसाने अधिक उंच पूर येतो. शिवाय नदीकाठी उतरविलेले खनिज बार्जींतून बंदराकडे जाते. भरलेल्या बार्जींच्या ये-जा करण्याने उठणाऱ्या लाटा खाजनांच्या बांधांवर आदळून त्यांना पोखरतात. पिळगावजवळील सारमानस या धक्क्याच्या नावात मानस हा शब्द आजही ऐकू येतो. तेथूनच खनिजाच्या बार्जी भरल्या गेल्या. खाण खात्याच्या कागदांत विहीर नाही, जलस्रोत खात्याच्या कागदांत ट्रक नाही आणि कृषी खात्याच्या कागदांत बार्ज नाही. पण पाण्याला खात्यांच्या सीमा ठाऊक नसतात.

माणसांच्या पोटाचा प्रश्नही याच प्रणालीत आहे. चीनकडून मागणी वाढली तेव्हा, २०१०-११ च्या सुमारास, गोव्यातून वर्षाकाठी पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होते. मागणी वाढली म्हणून लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. ट्रक झाले म्हणून अधिक खनिज वाहणे आवश्यक झाले. शेतीतील हात ट्रककडे वळल्याने शेती दुबळी झाली आणि शेती दुबळी झाल्याने ट्रकवाचून गत्यंतर उरले नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. दोन्ही वेळी ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते चालू राहिले. पुढे पट्ट्यांचे लिलाव होऊन २०२४ मध्ये डिचोलीचाच पट्टा प्रथम सुरू झाला. म्हणजे विहिरीचा, गाळाचा आणि रोजगाराचा प्रश्न आता पुन्हा एकत्रच समोर उभा आहे. केवळ ‘खाण हवी’ किंवा केवळ ‘खाण नको’ एवढ्याने तो सुटणारा नाही. किती खोल, किती वेगाने, उपसलेले पाणी कोठे जाईल, आणि पट्टा संपल्यावर गाव कशावर जगेल, ही चारही उत्तरे एकाच वेळी मागितली पाहिजेत.

पेडण्याच्या खाजनांत खाण नसली तरी दुवे तुटण्याचा धोका तेथेही आहे, आणि तो समजून घेणे अधिक कठीण आहे; कारण तेथे कायदा चांगल्या हेतूने झाला. गोवामुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्यास जमिनीवर हक्क दिला. हा न्याय होता. गावकारीत वारसाहक्काने आलेल्या पुरुष गावकऱ्यांचाच शब्द चाले. प्रत्यक्ष राबणाऱ्या कुळांना आणि स्त्रियांना तेथे स्थान नव्हते. परंतु जमिनीची मालकी बदलताना बांधाची जबाबदारी कोण वाहणार हा दुवा सैल राहिला. ती १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघटनांकडे आली. काही ठिकाणी या संघटनांनी काम उत्तम सांभाळले. काही ठिकाणी मानशीच्या मासळीचे उत्पन्न भाताच्या उत्पन्नाहून मोठे ठरले आणि प्रणालीचा तोल गेला. मासळीवाल्यास खारे पाणी अधिक दिवस आत हवे असते. पाणी राहिले की मीठ राहते, मीठ राहिले की भात खुरटते. भात खुरटले की शेतकरी शेताकडे फिरकत नाही आणि मग मानशीवर मासळीवाल्याचीच सत्ता चालते. खेकड्याने पाडलेले बीळ वेळीच बुजविणारा कोणी उरला नाही की त्याचे खिंडार होते. शेतात खारफुटी उगवते; तिला कायद्याचे संरक्षण असल्याने ते शेत परत मिळविणेही कठीण होऊन बसते.

अशा वेळी सरकार बांधासाठी निधी देते व बांध उभा राहतो. पण पहिल्याच वर्षी पडलेली चीर ज्याने पाहायची तो माणूस त्या अंदाजपत्रकात नसतो. सामूहिक साधनसंपत्ती लोक स्वतः नियम करून, एकमेकांवर लक्ष ठेवून आणि नियमभंगास लहानमोठा दंड ठेवून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी अनेक देशांतील उदाहरणांनी १९९० मध्ये दाखविले; २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या निष्कर्षाचा खाजनास लागू पडणारा अर्थ असा की नियम हा बांधाइतकाच बांधकामाचा भाग आहे. जुन्या गावकारीतील विषमता परत आणण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील हिशेब, पहारा आणि उत्तरदायित्व यांना आजच्या लोकशाहीत नवे घर द्यावे लागेल.

प्रणालीची सीमा कोठे आखावी हा या विचारातील सर्वांत अवघड भाग आहे. शापोरा नदी वर दोडामार्ग तालुक्यात तिळारी या नावाने वाहते. तेथे महाराष्ट्र आणि गोवा यांच्या संयुक्त प्रकल्पाचे धरण आहे आणि त्याचे कालवे गोव्यात उतरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टी झाली, धरणातून पाणी सोडावे लागले आणि पेडणे व बार्देश या तालुक्यांतील नदीकाठास पुराने गाठले. उन्हाळ्यात वरून येणारे गोडे पाणी किती, यावर खालच्या नदीत खारेपणा कोठवर चढेल हे ठरते. तेव्हा पेडण्याच्या खाजनाचा नकाशा राज्याच्या सीमेवर थांबविता येत नाही. तसेच मोप्याच्या सड्याचे. डिसेंबर २०२२ मध्ये उद्‌घाटन झालेला विमानतळ ज्या जांभ्याच्या पठारावर उभा आहे, तशी पठारे पावसाचे पाणी पिऊन पायथ्याचे झरे जिवंत ठेवतात. अशा ठिकाणी धावपट्टीबरोबर झऱ्यांचाही हिशेब वर्षानुवर्षे ठेवला गेला पाहिजे.

उलट, सर्वच सर्वाशी जोडलेले आहे असे म्हणून हात जोडून बसणे हा प्रणालीविचार नव्हे. सीमा इतकी मोठी आखली की कोणासच काही करता येत नाही, आणि इतकी लहान आखली की उपायाचा त्रास शेजाऱ्याच्या अंगणात जातो. व्यवहाराची कसोटी एवढीच की ज्याच्यावर परिणाम होणार आहे तो रेषेच्या आत असावा. खाणीचा निर्णय होताना विहिरीचा मालक आत असावा आणि मासळीच्या लिलावाच्या वेळी भात पेरणारा आत असावा.

यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. दर पौर्णिमेस गावातील दहा ठरावीक विहिरींची पातळी दोरीने मोजून शाळेच्या भिंतीवर लिहिली, मानस कधी उघडली व कधी लावली याची वही ठेवली, बांधावरून पावसाळ्यापूर्वी एक आणि नंतर एक अशा दोन फेऱ्या मारल्या, तर चार-पाच वर्षांत जी माहिती जमेल ती कोणत्याही भाषणाहून बोलकी ठरेल. विलंबाने येणारा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. वहीत मात्र दिसतो. हीच वही ग्रामसभेत ठेवून खाणवाला, शेतकरी, मच्छीमार आणि अधिकारी यांनी एकत्र वाचावी. २०१५ च्या कायदादुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा टँकरवर किती आणि पाणी मुरविण्यावर किती खर्च व्हावा, याचा वाद मग अंदाजाने न होता आकड्यांनी होईल.

मानस बांधणाऱ्याने प्रणाली हा शब्द ऐकला नव्हता. समुद्राशी लढत बसण्यापेक्षा त्याचाच जोर दार लावण्याच्या कामी घ्यावा, एवढे त्याने ओळखले होते. हे दार आजही अनेक गावांत भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते. त्याच्या लाकडाला कीड लागली आहे काय, हे मात्र ते दार स्वतः सांगत नाही. ते कोणीतरी बांधावर जाऊन पाहावे लागते.